सपाट पडद्याचा भाव उतरत राहील काय?

सपाट पडद्याचा टीव्ही घ्यावयास निघालेले नागपूरच्या महालातील कुटुंब, मग ते बडकस चौकाच्या आसपास चौकशी करो की गांधी गेटातून बाहेर पडून सीताबर्डीच्या मोठ्या दुकानांत फिरो, किंमत ऐकून घेतल्यावर एक प्रश्न हमखास विचारते: "भाऊ, थोडं थांबलो तर भाव अजून उतरतीन का?" या प्रश्नामागे वीस वर्षांचा रोकडा अनुभव आहे. धान्य, सोने, घरभाडे, शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च ही सारी वर वर चढत असताना, २००६-०७ च्या सुमारास जो ३२ इंची एलसीडी संच साठ-सत्तर हजार रुपयांच्या घरात होता, त्याच मापाचा, त्याहून पातळ, त्याहून हलका आणि शिवाय इंटरनेटला जोडला जाणारा संच आज दहा-बारा हजारांत मिळतो. तेव्हा जे वीस वर्षे घडत आले ते पुढेही घडत राहील अशी अपेक्षा संसारी माणसाने केली, तर तीत नवल काही नाही. परंतु भाव का उतरला याची कारणे नीट तपासली असता असे दिसते की, त्यांतील बहुतेक कारणे आता आपापले काम पुरे करून चुकली आहेत, आणि जी उरली आहेत ती सर्वच मापांच्या संचांना सारखी लागू पडत नाहीत.

संचाच्या किमतीतील सर्वांत मोठा हिस्सा पॅनलचा, म्हणजे प्रत्यक्ष पडद्याचा. दुकानदार आणि कारखानदार तो साठ टक्के किंवा त्याहून अधिक धरतात. या पॅनलच्या अंतर्यामी जो पदार्थ आहे त्याचा शोध टीव्हीच्या कल्पनेहूनही जुना. १८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनित्झर नावाचा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरापासून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या संयुगांचा अभ्यास करीत असता, एका संयुगाला दोन वितळणबिंदू असल्याचे त्याच्या ध्यानी आले. पहिल्या बिंदूला ते गढूळ द्रव होई आणि दुसऱ्याला स्वच्छ. त्या गढूळ मधल्या अवस्थेला पुढे द्रवस्फटिक हे नाव मिळाले. विजेच्या दाबाने या द्रवाचे रेणू वळतात आणि आपल्यामधून जाणारा प्रकाश अडवितात किंवा सोडतात, एवढ्या एका गुणावर आजचा टीव्ही उभा आहे. मात्र हा गुण चित्राच्या कामी लावण्यासाठी पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यामागे स्वतंत्र विद्युत्-द्वार, म्हणजे काचेवर चढविलेला सूक्ष्म ट्रान्झिस्टर, असावा लागतो. आणि लाल, हिरवा, निळा असे तीन उपठिपके धरले असता फुल एचडी पडद्यावर ही संख्या सुमारे ६२ लाख, तर फोर-के पडद्यावर सुमारे २ कोटी ४९ लाख भरते. यांतील मूठभर द्वारे जरी निकामी निघाली तरी पडद्यावर कायमचे ठिपके दिसतात, आणि म्हणूनच आरंभीच्या काळात कारखान्यातून निघालेल्या मालापैकी फार मोठा भाग टाकून द्यावा लागे व उरलेल्या चांगल्या मालावर त्या सर्वांचा खर्च चढे. टाकाऊ मालाचे हे प्रमाण वर्षानुवर्षांच्या अनुभवाने घटत गेले, हे स्वस्ताईचे पहिले कारण.

दुसरे कारण काचेच्या आकारात आहे, आणि माझ्या मते सगळ्या हकिकतीत सर्वांत मनोवेधक तेच आहे. पॅनल एकेक करून घडवीत नाहीत. कागदाप्रमाणे पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची एक प्रचंड काच घेऊन तिच्यावर एकदम सगळी द्वारे उमटवितात आणि मग तिचे तुकडे करतात. घरी शंकरपाळ्यांची पोळी लाटताना ती जितकी मोठी लाटावी तितके कडेचे वाकडेतिकडे तुकडे कमी वाया जातात आणि लाटण्याची मेहनत मात्र जवळजवळ तेवढीच पडते, तसाच हा प्रकार आहे. द्रव्याचे थर चढविणे, प्रकाशाने आकृती उमटविणे, कोरून काढणे, धुणे ही कामे काच लहान असो वा मोठी असो, तितक्याच वेळा करावी लागतात. १९९० च्या दशकाच्या आरंभीची काच जेमतेम ३०० गुणिले ४०० मिलिमीटर होती. २००४ साली जपानात शार्प कंपनीच्या कामेयामा येथील कारखान्यात ती १५०० गुणिले १८०० झाली. त्यानंतर प्रचारात आलेल्या, ज्याला धंद्यात साडेआठवी पिढी म्हणतात, त्या काचेचे माप २२०० गुणिले २५०० मिलिमीटर. तिच्यातून ३२ इंचांचे अठरा अथवा ५५ इंचांचे सहा पडदे निघतात. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच असतो. असे दोन पडदे अडीच मीटरच्या बाजूस आणि तीन सव्वादोन मीटरांहून किंचित आखूड अशा दुसऱ्या बाजूस मांडून पाहिले म्हणजे काच किती हिशेबाने ठरविली आहे ते कळते. चीनमधील हफेइ शहरी बीओई कंपनीचा साडेदहाव्या पिढीचा कारखाना २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. त्याची काच २९४० गुणिले ३३७० मिलिमीटरांची, म्हणजे महालातील जुन्या वाड्याच्या एखाद्या खोलीच्या तळाइतकी, आणि तिच्यातून ६५ इंचांचे आठ किंवा ७५ इंचांचे सहा पडदे निघतात.

येथे मुद्द्याची गोष्ट अशी की, काचेची ही वाढ त्यानंतर थांबली आहे. याहून मोठी काच वाहून नेणे, भट्टीत सपाट ठेवणे आणि यंत्रात न फोडता फिरविणे यांचा खर्च होणाऱ्या बचतीला गिळून टाकतो, आणि त्या मापाची नवी यंत्रे करण्याचे भांडवल घालण्यास कोणी पुढे येत नाही. अर्थात भाव उतरविणारे जे सर्वांत बलवान कारण होते, ते एलसीडीच्या बाबतीत आपल्या परमावधीस पोहोचले आहे. पॅनलच्या उत्पादनखर्चात आता काच, रंगगाळणी, ध्रुवणपटल, मागचा दिवा आणि चिप अशा कच्च्या मालाचाच वाटा मोठा आहे, आणि कच्च्या मालाचा खर्च कौशल्याने अर्धा करता येत नाही.

तिसरे कारण स्पर्धेचे. आणि स्पर्धेचा इतिहास तितकासा निर्मळ नाही. २००१ ते २००६ या काळात कोरिया, तैवान व जपान येथील पॅनल उत्पादकांनी तैपेईच्या हॉटेलांतून गुप्त बैठका घेऊन भाव संगनमताने ठरविले. अमेरिकेत २००८ साली एलजी, शार्प व चुंगह्वा या कंपन्यांनी गुन्हा कबूल करून ५८ कोटी ५० लाख डॉलरांचा दंड भरला, आणि २०१२ साली एयू ऑप्ट्रॉनिक्स या तैवानी कंपनीला एकटीलाच ५० कोटी डॉलरांचा दंड झाला. इकडे नागपुरात साठ-सत्तर हजार मोजून ज्यांनी पहिले संच घेतले, त्यांनी त्या किमतीत या संगनमताचाही थोडा भार नकळत उचलला होता. पुढे चीनने प्रांतिक सरकारांच्या तिजोऱ्या मोकळ्या करून कारखान्यांमागून कारखाने उभारले, गरजेहून अधिक माल बाजारात आला आणि भाव कोसळले. हा नफ्यातोट्याचा विचार बाजूस सारून केलेला पुरवठा होता, आणि आपल्याकडील स्वस्त संचांत चिनी करदात्याचा मोठा हातभार आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

परंतु अशी स्पर्धा स्पर्धकांना संपविते. सॅमसंगने २०२२ च्या जूनमध्ये एलसीडी पॅनल करणे बंद केले. शार्पच्या साकाई येथील, एकेकाळी जगात सर्वांत मोठ्या, कारखान्याने २०२४ मध्ये टीव्ही-पॅनल करण्याचे थांबविले. एलजीने ग्वांगझू येथील आपला कारखाना टीसीएलच्या कंपनीस विकला आणि तो व्यवहार २०२५ मध्ये पुरा झाला. आता टीव्हीच्या एलसीडी पॅनलांपैकी बहुतांश चीनमधील दोन-तीन कंपन्यांच्या हाती आहेत. भाव घसरू लागला की या कंपन्या सणांच्या सुट्ट्या लांबवून यंत्रे थांबवितात व माल आवरता घेतात. ज्या बाजारात पूर्वी सात-आठ जण एकमेकांचे पाय ओढीत होते, तेथे आता मूठभर लोक एकमेकांचा अंदाज घेऊन चालतात. भाव आपणहून खाली जाण्याची हमी या परिस्थितीत कोणी देऊ शकत नाही.

घसरण ही सरळ रेषा कधीच नव्हती, हेही करोनाच्या काळाने दाखविले. २०२० च्या मध्यापासून वर्षभरात ३२ इंची पॅनलचा भाव सुमारे ३५ डॉलरांवरून ८५ डॉलरांच्या पुढे गेला. घरी बसलेल्या जगाची मागणी वाढली होती, चालक-चिपांचा तुटवडा होता, आणि त्यातच डिसेंबर २०२० मध्ये जपानातील एका काच-कारखान्याचा वीजपुरवठा काही तास खंडित झाला. वितळलेल्या काचेची भट्टी अशा व्यत्ययाने बिघडते व पूर्ववत् होण्यास दीर्घ काळ लागतो. त्या काही तासांची झळ जगभरच्या ग्राहकाने सोसली. पुढे २०२२ च्या सप्टेंबरापर्यंत तोच भाव ३० डॉलरांच्याही खाली आला. जो मनुष्य २०२० च्या मध्यास 'आणखी उतरेल' म्हणून थांबला असता, त्याने वर्षभर महागाईच पाहिली असती.

या सर्व घडामोडींत महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि तो दुर्दैवाने हळहळ वाटावी असा आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगाव येथे ज्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यातून निघालेले संच १९८० च्या दशकापासून विदर्भ-मराठवाड्यातील घराघरांत गेले, त्या कंपनीने २००५ साली फ्रान्सच्या थॉमसनचा काच-नळीच्या पडद्यांचा जगभरातील व्यवसाय विकत घेतला. जग सपाट पडद्याकडे वळत असतानाच जाडजूड नळीचे कारखाने पदरात घेण्याचा हा निर्णय होता. नळीच्या टीव्हीची मागणी अजून काही काळ टिकेल या गणितावर तो बेतला होता, आणि ते गणित काळाने चुकीचे ठरविले. कर्जबाजारी झालेली ही कंपनी २०१८ च्या जूनमध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एकट्या या निर्णयाने ती बुडाली असे मी म्हणणार नाही, तिच्या कर्जांना तेल, दूरसंचार असे इतरही मार्ग होते. परंतु मराठी मुलखातील कारागिरांच्या हाती असलेला एक मोठा धंदा पडद्याच्या स्थित्यंतरात टिकला नाही, ही गोष्ट तेवढ्याने पुसली जात नाही.

दुसरी संधी तर थेट नागपूरच्या उंबरठ्यावर आली होती. शहराच्या दक्षिणेस वर्धा मार्गावर बुटीबोरीची जी विस्तीर्ण औद्योगिक वसाहत आहे, तेथे देशातील पहिला एलसीडी पॅनलचा कारखाना उभारण्याचे वेदांत समूहाच्या ट्विनस्टार डिस्प्ले या कंपनीने २०१६ मध्ये ठरविले व राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. पहिल्या टप्प्याची गुंतवणूक सुमारे २०,००० कोटी रुपयांची सांगितली गेली. काच करणारी जपानी कंपनी अॅव्हनस्ट्रेटही त्याच समूहाने २०१७ च्या अखेरीस घेतली. मात्र बुटीबोरीस पॅनल कधी घडले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच समूहाने फॉक्सकॉनसह चिप व पडद्यांच्या कारखान्यांसाठी गुजरातशी करार केला, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. अशा कारखान्याला क्षणभरही न चुकणारी वीज, अत्यंत शुद्ध पाण्याचा अखंड पुरवठा, आणि मुख्य म्हणजे पहिली कित्येक वर्षे तोटा सोसणारा शासकीय किंवा सावकारी पाठिंबा लागतो. कारखाना बुटीबोरीस झाला असता तर महालातील गिऱ्हाइकाला टीव्ही तत्काळ स्वस्त मिळाला असता असे नाही, चीनच्या भावाशी त्यालाही झगडावेच लागले असते. पण येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघणाऱ्या मुलामुलींना हे काम हैदराबाद-बंगळूरला न जाता शिकता आले असते, आणि आपल्या भावाचा निकाल संपूर्णपणे परक्यांच्या हाती राहिला नसता. हा प्रश्न मला टीव्हीच्या किमतीहून महत्त्वाचा वाटतो.

परक्यांच्या हाती म्हणजे काय, ते रुपयात पाहिले म्हणजे उमजते. पॅनल डॉलरात विकत घ्यावे लागते. २००८ च्या आरंभी डॉलर ४० रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० च्या पुढे गेला. पन्नास डॉलरांच्या पॅनलला तेव्हा २,००० रुपये पडले असते, आता ४,५०० पडतात. तेव्हा चीनमध्ये भाव स्थिर राहिला तरी नागपुरात तो चढू शकतो, आणि गेल्या काही वर्षांत पुष्कळशी घसरण रुपयाच्या घसरणीने परस्पर खाऊन टाकली आहे.

यावर पुन्हा सरकारी हुकुमांचा थर. एके काळी थायलंड-सिंगापूर-दुबईहून येणारा पाहुणा सामानासोबत सपाट टीव्ही बिनदिक्कत घेऊन येई. २६ ऑगस्ट २०१३ पासून ती माफी रद्द होऊन सुमारे ३६ टक्के जकात बसू लागली. नागपूर महापालिकेची स्वतःची जकात २०१३ पर्यंत होती, तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला, आणि तोही ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला. उघड्या पॅनलवरील सीमाशुल्क २०१९ मध्ये माफ झाले आणि २०२० मध्ये पाच टक्क्यांनी पुन्हा लागले. त्याच वर्षी ३० जुलैला तयार रंगीत संचांची आयात परवान्याखाली आणली गेली. सर्वांत अलीकडचा फेरफार २२ सप्टेंबर २०२५ चा, घटस्थापनेच्या दिवसाचा: ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे ४०,००० रुपये मूळ किमतीचा संच ५१,२०० ऐवजी ४७,२०० ला पडू लागला. ३२ इंची संचावर १८ टक्क्यांचाच दर १ जानेवारी २०१९ पासून होता, त्यामुळे त्या नवरात्रात लहान संच घेणाऱ्यास काही लाभ झाला नाही. असा उतार एकदाच मिळतो; दरवर्षी कर दहा टक्क्यांनी कमी होत नाही.

आता पुढे काय? ३२ व ४३ इंची साध्या एलसीडी संचांचा भाव यापुढे लक्षणीय उतरेल असे मला वाटत नाही. उलट त्याच किमतीत मापाचा एखादा इंच किंवा पडद्याची थोडी अधिक गुणवत्ता मिळेल. सन २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रागारांनी स्मृती-चिपांचा पुरवठा ओढून घेतल्याने त्यांचे भाव भडकले, आणि स्मार्ट टीव्हीत तीच चिप असल्याने त्याचीही झळ लहान संचालाच अधिक लागते, कारण चिपेचा खर्च दहा हजारांच्या संचावर जितका चढतो तितकाच लाखाच्या संचावर. ६५ आणि ७५ इंची संचांना मात्र उतरावयास अजून वाव आहे, कारण साडेदहाव्या पिढीच्या काचा नेमक्या त्यांच्यासाठीच ओतल्या जातात. त्याहून अधिक वाव ओएलईडीला, म्हणजे ज्याचे ठिपके स्वतःच प्रकाशतात त्या पडद्याला: २०१३ मध्ये ५५ इंची ओएलईडी अमेरिकेत १५,००० डॉलरांना होता, आज तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास मिळतो, आणि ज्या वळणावर एलसीडी वीस वर्षांपूर्वी होता, त्याच वळणाजवळ ही जात आता आली आहे. शिवाय काही कंपन्या संच जवळजवळ खर्चाच्याच भावात विकून पडद्यावर येणाऱ्या जाहिरातींतून व प्रेक्षकाच्या सवयींच्या माहितीतून कमाई करतात. किंमत थोडी खाली दिसते तिचे हेही एक कारण आहे, आणि मुलाबाळांच्या घरात अशी माहिती दिली जाते याची जाण ठेवणे अगत्याचे आहे.

सारांश, थांबण्याचा लाभ बऱ्याच अंशी संपला आहे, तेव्हा विचार मापाचा व टिकाऊपणाचा करावा. महालातील ज्या वाड्यांच्या भिंती विटा-चुन्याच्या आहेत, तेथे जड ब्रॅकेटचे खिळे धरत नाहीत. चुना भुसभुशीत होऊन भोक मोठे होते आणि संच ओठंगून राहतो. अशा भिंतीवर लटकविण्यापेक्षा बळकट लाकडी टेबलावर पायांवर ठेवलेला संच बरा, आणि टेबलाची लांबी आधी मोजावी, कारण ५५ इंची संचाचे पाय पुष्कळदा दोन टोकांना असतात. खोलीत बसावयाची जागा पडद्यापासून सहा-सात फुटांवर असेल तर ४३ ते ५० इंच पुरे; त्याहून मोठ्या पडद्यासाठी दिवाणखाना लांब हवा.

आणि दुरुस्तीची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. दुरुस्तीच्या दुकानात संच सतरंजीवर पालथा घालून मागचे झाकण उघडतात तेव्हा आत प्रकाशाच्या पट्ट्या दिसतात, ज्यांवर लहान लहान दिवे ओळीने जोडलेले असतात; त्यांतला एक विझला की अख्खी पट्टी काळोखते. आवाज येतो आणि चित्र काळे, अशी तक्रार आली की कारागीर आधी पट्ट्याच तपासतो, आणि त्या बदलणे हे थोड्या पैशांचे काम आहे. पण चित्रात उभ्या रेषा उतरल्या, म्हणजे काचेच्या कडेला चिकटविलेली लवचिक पट्टी सुटली किंवा काचच तडकली, तर तो मान हलवून म्हणतो, "पॅनल गेला." नवे पॅनल बसविण्याचा खर्च तेव्हा नव्या संचाच्या किमतीजवळ जाऊन पोहोचतो. म्हणून हमीपत्रावर पॅनलसाठी वेगळी मुदत लिहिली आहे काय, आणि ती किती वर्षांची आहे, हे दुकानातच वाचून घ्यावे. दोन संचांत हजार-दीड हजारांचा फरक असेल आणि एकाची पॅनलची हमी तीन वर्षांची असेल, तर तो महाग संचच घ्यावा असे माझे मत आहे.